डाव्या पॅडलची झीज

१

जुनी सायकल ओळखायची तर आधी ती उलटी करावी लागते. हौशी माणूस चमक बघतो, हँडल धरून बघतो, घंटी वाजवतो आणि खूश होतो. पारखी मात्र सायकल सीट-हँडलावर उलटी उभी करायचा आणि थेट तिच्या पोटाकडे बघायचा, कारण जुन्याच्या नावाखाली नवं खपवणारे लबाड लोक पोटापर्यंत पोचायचा आळस करतात. त्याला पारखी हे नाव धंद्यातल्या लोकांनी दिलेलं होतं. काही जण आदरानं म्हणत, काही त्याच्या तिरसट स्वभावाचा सूड म्हणून.

युद्धाच्या काळातल्या हलक्या सायकली हा त्याचा खास विषय. त्या वर्षांत चकचकीत मुलाम्याला बंदी होती, पितळ सगळं काडतुसांना जात होतं, रबर औषधालाही मिळत नव्हतं. म्हणून त्या सायकली नखशिखांत काळ्या. घंटी काळ्या पत्र्याची, पॅडलला रबराऐवजी लाकडी ठोकळे, दिव्यावर उजेड लपवणारी झापड. मागच्या मडगार्डाच्या टोकाला तेवढा वीतभर पांढरा पट्टा, दिवे बंद असलेल्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. नळ्या इतक्या पातळ की अख्खी सायकल दोन बोटांवर उचलावी.

तपासायची त्याची रीत ठरलेली होती. प्रत्येक भागाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची. पांढरी म्हणजे मूळ, लाल म्हणजे बदली. गाठ त्याची स्वतःची होती, दोन फेऱ्यांची, टोक आत दडपलेली. आणि एकटा भाग कधी बघायचा नाही, त्याचा शेजारी बघायचा. वर्षानुवर्षं चिकटून राहिलेल्या दोन वस्तू एकमेकींवर डाग पाडतात. नट काढला तरी नटाची सावली राहते, मुठीखालच्या नळीचा रंग ताजा राहतो. भाग खोटं बोलेल, शेजारी बोलत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. संसारालाही हे लागू पडतं, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

त्या सोमवारी त्यानं जी सायकल उलटी केली ती कुणा गिऱ्हाइकाची नव्हती. ती एकतीस वर्षं त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत उभी होती. संध्याकाळपर्यंत तिच्यावर सदतीस पांढऱ्या चिठ्ठ्या लटकत होत्या आणि सहा लाल. लाल कुठे बांधायच्या हे त्याला भिंगाशिवाय ठाऊक होतं, कारण ते सहा भाग त्यानं स्वतःच बदलले होते.

२

सायकल त्याच्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याची. पारखी मनातल्या मनात त्याला नुसतं ‘आधीचा’ म्हणायचा.

आधीचा युद्धात सैन्याचं टपाल पोचवायचा. शेवटच्या हिवाळ्यात एका सकाळी तो निघाला, आणि दुपारी सायकल घराच्या फाटकाला नीट टेकवून ठेवलेली मिळाली. टपालाची पिशवी कॅरियरला तशीच होती. तो नव्हता. मेल्याचा निरोप आला नाही की पकडल्याचा. बायको तेव्हा पोटुशी होती. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिनं वाट बघितली, मग कागदोपत्री तो वारला असं ठरलं, आणि तिनं कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याशी लग्न केलं. तो दुरुस्तीवाला म्हणजे आपला पारखी. लग्न करून तोच तिच्या घरात राहायला आला. आधीच्याच्या खुर्चीत बसू लागला, आधीच्याच्या खुंटीला कोट अडकवू लागला.

मुलगी दुकानात यायची तेव्हा त्याला काका म्हणायची. लग्नानंतरही काकाच म्हणत राहिली. आता ती एकतीस वर्षांची होती, टेलिफोनच्या कचेरीत नोकरीला होती, तरी काकाच. मला त्याचं काही वाटत नाही, असं तो म्हणायचा. वाटायचं. फार वाटायचं.

जिवंत माणसाशी भांडता येतं, जो नाहीच त्याच्याशी कसं भांडणार? दर रविवारी बायको मागच्या खोलीत जाऊन सायकल पुसायची. एकदा दारातून त्यानं बघितलं. उजव्या मुठीवर तिचा हात होता, आणि फडकं दुसऱ्याच हातात होतं. ती मूठ पुसत नव्हती, धरून उभी होती. त्या आठवड्यात त्यानं ती मूठ काढून दुसरी बसवली. त्याच काळातली, अगदी जुळणारी. सोनारानंच कान टोचावे म्हणतात, तसं त्याचं काम. तिला पत्ताही लागायचा नाही अशी त्याची खात्री होती.

मग सवयच लागली. घरात काही बिनसलं, मुलगी उद्धट बोलली, की आधीच्याचा एक भाग कमी व्हायचा. मूठ त्यानं एका परगावच्या शौकिनाला देऊन टाकली. दिवा भंगारवाल्याच्या टोपलीत टाकला. डावं पॅडल पुलावरून नदीत फेकलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. मागचं मडगार्ड नव्या रस्त्याच्या भरावात गेलं. घंटी त्यानं ओतकाम कारखान्यातल्या मित्राच्या हाती दिली आणि ती वितळलेल्या लोखंडात पडताना उभं राहून बघितली. सीटचं कातडं स्वतःच्या सुरीनं कापलं. त्याचे वॉशर झाले, आणि एक तुकडा त्याच्या घरातल्या चपलेच्या तळाला ठिगळ म्हणून लागला. आधीच्यावर पाय देऊन चालताना त्याला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवी. त्यानं भाग बदलले, पण खोटी चिठ्ठी आयुष्यात कधी बांधली नाही.

आता एका संग्रहालयाला युद्धकाळातल्या सायकली हव्या होत्या. पारखीनं आपण होऊन ही देऊ केली. सायकल गेली की आधीचा गेला, इतका साधा विचार. संग्रहालयाचे साहेब एकदा येऊन बघून गेले, शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणाले. जाताना म्हणाले, “तुम्ही फक्त लाल चिठ्ठ्या लावून ठेवा. जे मूळ नाही ते आम्ही उतरवून नेतो. म्हणजे मूळ वस्तू मोकळी होते.”

बायको हे ऐकत दारात उभी होती. ती रडेल, अडवेल, निदान दोन दिवस अबोला धरेल, असा पारखीचा अंदाज होता. ती म्हणाली, “बरं होईल,” आणि आत जाऊन कुकर लावावा तितक्या सहज कामाला लागली. संशयाचा पहिला किडा तिथेच त्याच्या डोक्यात शिरला.

३

मंगळवारी सकाळी मागची खोली उघडली तेव्हा त्यानं सवयीनं लाल चिठ्ठ्या मोजल्या. पाच.

पडली असेल म्हणून तो खाली वाकला. फरशीवर काही नव्हतं. वर बघितलं तर डाव्या पॅडलवर चिठ्ठी नव्हती, आणि पॅडल त्यानं काल चिठ्ठी बांधली ते नव्हतं.

लाकडाच्या कडेला तीन बारीक खाचा होत्या. त्या खाचा तो विसरणं शक्य नव्हतं. पुलावर उभं राहून फेकण्याआधी त्यानं त्यांच्यावरून अंगठा फिरवला होता. आधीचा डावं पाऊल बाहेर फाकवून चालायचा म्हणे, म्हणून लाकूड बाहेरच्या अंगानं झिजलेलं. हे तेच पॅडल होतं. तो स्टुलावर बसला आणि विचार करू लागला. नदीला उन्हाळ्यात छातीभरच पाणी असतं. कुणी पोहताना काढलं असेल, कुठल्या दुकानात आलं असेल, बायकोनं बघितलं असेल, विकत घेऊन लपवून ठेवलं असेल. शक्य होतं. खोलीची किल्ली त्याच्या कोटाच्या खिशात असायची, आणि कोट रात्रभर खुंटीला असायचा.

बायकोच. दुसरं कोण? तिला सगळं ठाऊक होतं तर. साहेब यायच्या आठवड्यातच ही खेळी, म्हणजे पाहुण्यांसमोर त्याची अब्रू जावी.

असं मनाशी ठरलं तेव्हा त्याला जरा बरंच वाटलं. मग त्यानं भिंग डोळ्याला लावलं, आणि ते बरं वाटणं गेलं. त्यानं फेकलं तेव्हा ठोकळा बोटभर जाड होता. आता स्क्रूची डोकी वर आली होती. कडेला लाकूड पानासारखं पातळ झालेलं, वर बुटांच्या तळव्यांची काळी झिलई. दांड्याला गंज नव्हता, ताजं वंगण होतं. पाण्यात पडून लाकूड कुजतं, फुगतं, तडकतं. असं गुळगुळीत झिजत नाही. त्याला पाय लागतो, रोजचा.

या पॅडलवर एकोणीस वर्षं कुणीतरी सायकल चालवली होती. डावं पाऊल बाहेर फाकवून.

त्यानं पांढरी चिठ्ठी घेतली. भाग मूळ होता, त्याला इलाज नव्हता. त्यानं ‘मूळ’ लिहिलं आणि गाठ मारली.

४

त्या दिवशी त्यानं नवं कुलूप आणलं आणि त्याची एकुलती किल्ली गळ्यात घातली. खोलीला एकच खिडकी होती, तिला गज होते. दारापासून सायकलपर्यंत फरशीवर त्यानं खडूची पूड चाळणीनं भुरभुरवली. बायको परड्यात कपडे वाळत घालताना हे सगळं बघत होती. तिनं विचारलं नाही. ज्या बाईला काही ठाऊक नसतं ती विचारते, असं त्याला वाटलं.

बुधवारी पूड तशीच पसरलेली होती, तिच्यावर मुंगीचीही वाट नव्हती. आणि लाल चिठ्ठ्या तीन होत्या. उजवी मूठ परत आली होती. दिवाही. मुठीवर चार बोटांच्या चार खळग्या पडल्या होत्या, इतक्या खोल की त्यानं आपली बोटं त्यांत ठेवून बघितली. बसेनात. त्याची बोटं आखूड पडत होती. त्यानं हात असा झटकला की स्टूल पडलं.

दिवसभर तो बायकोच्या मागावर राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही, तिची प्रत्येक हालचाल त्याला लख्ख दिसू लागली. तिनं फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ते फाटक पंचवीस वर्षं करकरत होतं, तिला कधी खुपलं नव्हतं. पुढच्या पायऱ्या तिनं ब्रशनं घासल्या. कपाटाच्या वरच्या फळीवरून न वापरलेला एक कप काढून धुतला आणि पुसून बाकीच्यांशेजारी ठेवला. मुलीला म्हणाली, शुक्रवारी जमलं तर लवकर ये. मुलगी हो म्हणाली, का ते विचारलं नाही. म्हणजे दोघी मिळाल्या होत्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

आणि बायको गुणगुणत होती. चोवीस वर्षांत तिला गुणगुणताना त्यानं ऐकलं नव्हतं. तिला गाता येतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

५

गुरुवारी मडगार्ड आलं. पांढरा पट्टा पिवळा पडला होता, पण त्यावरचा ब्रशचा फराटा तोच, उजवीकडे थोडा तिरका. आतल्या बाजूला चिखल उडालेला होता. पारखीनं बोट लावलं. चिखल ओला होता. पाच आठवडे गावात पाऊस नव्हता, आणि सायकल चाकं वर करून छताकडे बघत उभी होती.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. काय विचारायचं हेच त्याला सुचेना. पॅडल कुठून आणलंस असं विचारावं तर आधी ते कुठे गेलं होतं ते सांगावं लागणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. शेवटी त्यानं सायकलला कुणी हात लावला का, एवढंच विचारलं.

बायको भाजी चिरत होती. सुरी न थांबवता म्हणाली, “मी त्या सायकलला हात लावून वीस वर्षं झाली. तुमच्या लक्षात आलं नाही?”

खरंच आलं नव्हतं. रविवारचं पुसणं कधी थांबलं ते त्याला आठवेना.

“ती मूठ त्यांची राहिली नव्हती,” ती म्हणाली. “नुसती तशीच दिसायची. पहिल्याच रविवारी कळलं मला. तुम्ही एवढे पारखी, तुम्हाला वाटलं माझ्या हाताला कळणार नाही?”

मग इतकी वर्षं का बोलली नाहीस, असं त्यानं विचारलं. आपला आवाज इतका बारीक निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असतात. मग मला खोटं बोलणाऱ्या माणसाबरोबर राहावं लागलं असतं.” तिनं चिरलेली भाजी पातेल्यात लोटली. “त्यापेक्षा गप्प राहणं सोपं होतं. तुम्ही एक एक काढत गेलात, मी बघत गेले. म्हटलं, बघू किती उरतं ते.”

त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. एकदा माफी मागितली असती तर पुढचं काही टळलं असतं का, कुणास ठाऊक. पण तेवढ्यात त्याची नजर तिच्या हातांकडे गेली. स्वच्छ धुतलेले, कोरडे हात. नखात वंगण नव्हतं, चिखल नव्हता. आणि संशयाला औषध नसतं. नखं घासून काढली असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि माफी राहून गेली.

६

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला घंटी वाजली.

तो दाढी करत होता. आवाज परड्याकडून आला, एक पूर्ण ठोका आणि एक अर्धवट, कारण त्या घंटीची स्प्रिंग सुरुवातीपासून अधू होती. असला अर्धवट ठोका दुसऱ्या कुठल्याच घंटीला नव्हता. तो तोंडाला साबण तसाच घेऊन धावला. कुलूप जागेवर, किल्ली गळ्यात. आत सायकल उलटी उभी, आणि हँडलाला काळ्या पत्र्याची घंटी.

वितळलेलं लोखंड कसं दिसतं ते त्याला आठवत होतं. घंटी त्यात पडली तेव्हा वर एक छोटा बुडबुडा आला होता आणि फुटला होता. भट्टीतून कुणी काही पोहून बाहेर काढत नाही. दुकानात मिळत नाही. बायकोला सापडत नाही.

त्यानं हात पुढे केला. घंटीच्या दांडीवर अंगठ्यानं झिजून चकचकीत टिकली पडली होती. ती टिकली कोमट होती. उन्हानं झाली असेल, असं तो मोठ्यानं म्हणाला, खोलीत दुसरं कुणी नसताना. खिडकी उत्तरेकडे होती.

मग त्याला सगळ्यात वाईट गोष्ट जाणवली. गेले तीन दिवस तो बायकोवर संशय घेत होता, आणि त्या संशयाच्या आधारानंच उभा होता. आता तोही काढून घेतला गेला होता.

लाल चिठ्ठी एकच उरली, सीटवरची. ती बांधलेल्या दोऱ्याकडे बघत त्यानं ठरवलं की इथून हलायचं नाही. गाडी उद्या येईपर्यंत या एका भागावर नजर ठेवायची. जे काही येतं ते आपण बघत नसतानाच येतं, तर मग बघतच बसायचं.

७

दार आतून लावून तो स्टुलावर बसला. दुपारी मुलगी लवकर घरी आल्याचं त्यानं ऐकलं. भांड्यांचा आवाज आला, पुढच्या खोलीतल्या खुर्च्या सरकल्या. जेवायला कुणी हाक मारली नाही. भूक लागली होती, पण तो उठला नाही.

सीट खाली, फरशीला टेकलेली, त्यानं स्वतः निवडून बसवलेली बदली सीट. कातडं चांगलं होतं, काळ बरोबर होता, बसणाऱ्याची खूण मात्र दुसऱ्याच कुणाची. पापणी लवली तर लवली, पण त्यानं मान हलवली नाही. एक तास गेला. तीन वाजले. पाण्याच्या नळाचा थेंब मोजत तो जागा राहिला. काही होत नव्हतं. पावणेपाचच्या सुमाराला त्याला वाटलं, आपण जिंकलो. पहारा असला की चोर येत नाही, मग तो कसलाही चोर असो.

तेव्हा त्याच्या उजव्या पायाला गार लागलं.

त्यानं खाली बघितलं. चपलेचा तळ फाटला होता. फाटला म्हणजे नीट, शिवणीच्या कडेनं, सुरीनं कापल्यासारखा मोकळा झाला होता. त्याच्या तळव्याला थेट फरशी लागत होती. ठिगळ नव्हतं.

वर बघायला त्याला बराच वेळ लागला. वर बघितलं तेव्हा सीट मूळ होती. सायकल कलती करून बघितली तर अखंड, एकाही शिवणीशिवाय, लांब पायांच्या उंच माणसाच्या बसण्यानं मधोमध खोलगट झालेली. लाल चिठ्ठी नव्हती. सायकलवर आता एकही लाल चिठ्ठी नव्हती.

त्रेचाळीस भाग, त्रेचाळीस मूळ. सगळंच्या सगळं मूळ असलेली सायकल त्यानं आजवर बघितली नव्हती. अशी सायकल फक्त तिच्या मालकाकडे असते, नवी असताना.

त्यानं शेवटची पांढरी चिठ्ठी बांधली. मग त्याच्या डोक्यात एक साधा कामाचा प्रश्न आला, आणि तो उठून घरात गेला. सहा लाल चिठ्ठ्या गेल्या कुठे?

८

पहिली त्याच्या चहाच्या कपाला होती. स्वयंपाकघरात खिळ्याला चार कप टांगलेले होते. नव्यानं धुतलेला कोरा, तिचा कोरा, मुलीचा कोरा, आणि त्याच्या कपाच्या कानाला लाल चिठ्ठी. ‘बदली.’ अक्षर त्याचं. दुसरी कोटाच्या खुंटीला होती. तिसरी दाढीच्या आरशाला. चौथी लग्नाच्या फोटोच्या चौकटीला, त्याच्या बाजूच्या कोपऱ्यात. एका पायाला फरशी लागत होती आणि दुसऱ्याला चप्पल, आणि असा लंगडत तो मधल्या खोलीत आला. पाचवी त्याच्या खुर्चीच्या हाताला लटकत होती.

खुर्चीसमोर तो वाकला आणि भिंग काढलं. भाग बघायचा नाही, शेजारी बघायचा.

खुर्चीमागच्या भिंतीवर, डोकं टेकतं तिथे, तेलाचा गोल डाग होता. तो खुर्चीत बसला आणि मान मागे टेकवली. डाग त्याच्या डोक्याच्या वीतभर वर होता. खुर्चीच्या हातांची झिलई जिथे गेली होती तिथपर्यंत त्याची कोपरं पोचत नव्हती. पायाखाली फरशीवर एक फिकट घासलेली जागा होती, डाव्या बाजूला, बाहेर वळलेली. चार वर्षांपूर्वी ही भिंत त्यानं स्वतःच्या हातानं रंगवली होती. तेव्हापासून या खुर्चीत त्याच्याशिवाय कुणी बसलेलं नव्हतं. निदान तो घरात असताना नव्हतं.

बाहेर घंटी वाजली. एक पूर्ण, एक अर्धी. फाटक उघडल्याचा आवाज आला नाही, त्याला तेल घातलं होतं. घासलेल्या पायऱ्यांवर बूट वाजले. पुढच्या खोलीत बायको काहीतरी म्हणाली, अगदी हळू, आणि मग तिला रडू फुटलं आणि रडता रडता ती हसली. असं हसलेलं तिला त्यानं ऐकलं नव्हतं.

मग मुलीचा आवाज आला. स्पष्ट, थोडा लाजरा.

“बाबा, चहा घेणार ना?”

चोवीस वर्षं तो या एका शब्दासाठी थांबला होता. काय चाललंय ते ठाऊक असूनही तो खुर्चीतून म्हणाला, “हो, आलोच.”

कप बशीत टेकल्याचा आवाज आला.

“काका आत आहेत अजून,” मुलगी कुणाला तरी म्हणाली.

“असू देत,” बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. “उद्या साहेब येतायत. ते उतरवून नेतील.”

दोन खोल्यांमधला पडदा फरशीपासून चार बोटं वर होता. त्याखाली बुटांची एक जोडी दिसत होती. ओल्या चिखलानं भरलेली, टाचा झिजलेली. डावा बूट बाहेर फाकलेला. त्यानं तेवढंच बघितलं आणि नजर खाली घेतली.

खाली घेतली तेव्हा त्याला सहावी चिठ्ठी दिसली. ती त्याच्याच सदऱ्याच्या दुसऱ्या काजाला होती. त्यानं भिंग लावून दोरा बघितला, अक्षर बघितलं. दोन फेरे, टोक आत दडपलेलं. एका बोटानं ओढली असती तरी गाठ सुटली असती. त्याचं बोट तिच्यापर्यंत गेलंही. पण ती चिठ्ठी खोटी नव्हती. त्यानं हात पुन्हा मांडीवर ठेवला आणि साहेबांची वाट बघत बसून राहिला.